छत्रीच्या काड्या आणि मानाची किल्ली

कुलूप उघडायला किल्लीच लागते असं मानणाऱ्या माणसांची इंद्रायणीला मनापासून कीव यायची. तिला लागायची छत्री. तीही मोडकी.

पावसाळ्यात येडगावच्या धरणाकडून वारा सुटला की गावातल्या निम्म्या छत्र्या उलट्या व्हायच्या. लोक त्या उकिरड्यावर टाकून द्यायचे आणि इंद्रायणी त्या उचलून आणायची. काड्या सुट्या करायच्या, दगडावर ठोकून चपट्या करायच्या, टोक तापवून जरासं वाकवायचं आणि मग ते बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत कानशीनं घासत बसायचं. कुलपाला ताण द्यायला सायकलच्या चाकाची जुनी तार. एवढ्या सामानावर तिनं गावातली आणि गावाबाहेरची इतकी कुलपं उघडली होती की मोजायचा तिलाच कंटाळा आला होता.

सुरुवात अंगणवाडीत झाली. ती तिथली सेविका. एकदा कपाटाची किल्ली कुणाच्या तरी पिशवीतून जुन्नरला निघून गेली, पोरं खाऊसाठी रडायला लागली, आणि इंद्रायणीनं केसातला आकडा काढून कुलपात घातला. कुलूप उघडलं. पोरांना खाऊ मिळाला आणि बाईंना नाद लागला. आत काहीतरी हललेलं तिच्या बोटांना कळलं होतं, आणि ते नेमकं काय हललं हे समजल्याशिवाय तिला चैन पडेना. तिनं नारायणगावच्या भंगारवाल्याकडून एक जुनं कुलूप आणलं, छिन्नीनं फोडलं, आतल्या पितळी पट्ट्या परातीत मांडल्या आणि तांदूळ निवडायला बसावं तशी बसली. किल्लीचे दात त्या पट्ट्या उचलतात, बाकी काही जादू नाही. मग तेच काम काडीनं का होऊ नये?

बाकीच्यांचे नवरे मंचरच्या बाजारातून येताना बायकोला गजरा आणायचे. तिचा नवरा सोपान कुलूप आणायचा. त्याची काही तक्रार नव्हती. गोठ्यात दोरीवर ओळीनं कुलपं टांगलेली असायची, आणि धार काढून झाली की इंद्रायणी त्यातलं एखादं मांडीवर घेऊन बसायची.

तक्रार होती सासऱ्याची. भिमाजी म्हणजे वरच्या आळीतलं मोठं प्रस्थ. फेटा, मिशा आणि आवाज, तिन्ही भरदार.

"बाईमाणसाच्या हातात त्या तारा शोभत न्हाईत," तो म्हणायचा. "उद्या गावात कुटं चोरी झाली तर फौजदार पयला आपल्या वट्यावर यील."

"यील की, मामा," इंद्रायणी हातातलं काम न सोडता म्हणायची. "त्याचं कपाट आडलं तरीबी आपल्याच वट्यावर यील."

यावर भिमाजी फेटा नीट करायचा आणि रानात निघून जायचा.

भिमाजीच्या त्या ताठ्याला कारण होतं, आणि ते कारण बोटभर लांबीचं होतं. गावच्या भैरवनाथाचा चांदीचा मुखवटा वर्षभर देवळातल्या शिसवी पेटीत बंद असतो. पेटीला कोयंडे चार, पण कुलपं तीन. वरच्या आळीचं एक, मधल्या आळीचं एक, खालच्या आळीचं एक. चैत्रातल्या यात्रेच्या सकाळी तिन्ही आळ्यांचे मानकरी देवासमोर बसतात, आपापल्या किल्लीनं आपापलं कुलूप काढतात, तेव्हा कुठं नाथ पालखीत बसतो. एक जण जरी फिरकला नाही तरी देव आत आणि गाव बाहेर. ज्यानं कुणी ही पद्धत पाडली तो गावाला पुरता ओळखून होता. बांधावरून वर्षभर एकमेकांची तोंडं न बघणाऱ्यांनाही त्या सकाळी मांडीला मांडी लावून बसावंच लागायचं. वरच्या आळीची किल्ली भिमाजीकडं, मधल्या आळीची धर्माजीकडं, खालच्या आळीची भिकाकडं.

चौथं कुलूप एकेकाळी मळ्यातल्या लोकांचं होतं. त्यांच्यातल्या भागूच्या आजोबाकडून किल्ली हरवली, कुलूप फोडावं लागलं, आणि पंचांनी निकाल दिला की ज्याला देवाची किल्ली सांभाळता येत नाही त्याला मान नाही. निकाल देणारा धर्माजीचा बाप होता, आणि तो निकाल धर्माजी दर यात्रेला न चुकता सगळ्यांना ऐकवायचा. भागूचं नारायणगावात हार्डवेअरचं दुकान होतं. देवळाला लागणारा रंग, खिळे, पत्रे सगळं तो हौसेनं आणून टाकायचा. पण पालखीला खांदा द्यायची वेळ आली की मळ्यातली माणसं गुमान मागं सरकायची.

तर दोन हजार तीन सालच्या चैत्रात यात्रेची पत्रिका छापून आली आणि भिमाजी रुसला.

पत्रिकेत धर्माजीचं नाव वर आणि आपलं खाली, हे कारण. नावं कित्येक वर्षं तशीच छापली जात होती, पण रुसायला मुहूर्त लागत नाही. भिमाजी कांद्याच्या बराखीत बाज टाकून बसला आणि त्यानं जाहीर केलं, "मी यायचा न्हाई. माझी किल्लीबी यायची न्हाई."

पंच आले, चहा प्यायले, गेले. पुन्हा आले, पुन्हा प्यायले. भिमाजी हलेना. गावात काळजी पसरली. सासू कुशाबाई म्हणाली, "म्हातारपणी डोकं फिरलंय, दुसरं काय."

इंद्रायणीला मात्र ते रुसणं पटेना. खरा रुसलेला माणूस ताट ढकलतो. मामा दोन्ही वेळा भाकरी चापत होते. उलट पंच समोर बसले की त्यांचा हात धोतराच्या वर कमरेला जायचा, काहीतरी चाचपायचा आणि रिकामाच परत यायचा. बोटांची भाषा इंद्रायणीला चांगली कळायची. दुपारचा चहा घेऊन ती बराखीत गेली, कप त्याच्या हातात दिला आणि सरळ विचारलं.

"मामा, किल्ली कुटं हाय?"

भिमाजीनं आधी मिशा फुरफुरवल्या. मग इकडं तिकडं बघितलं. मग त्याचा तो भरदार आवाज एकदम पोराचा झाला.

"कुकडीत."

माघात त्याचा चुलतभाऊ वारला होता. दहाव्याला सगळी भावकी कुकडी नदीवर गेली, डोकी भादरली, आणि रीतीप्रमाणं सगळ्यांनी कमरेचे जुने करगोटे तोडून पाण्यात सोडले, नवे बांधले. आणि देवाची किल्ली, चोराच्या हाती लागू नये म्हणून, भिमाजी आयुष्यभर करगोट्यालाच बांधत आला होता.

"सांजच्याला ध्यानात आलं," तो म्हणाला. "माघारी पळालो. गाळात हात घालून घालून नखं झिजली. कुणी इचारलं तर सांगितलं, खेकडं धरतोय."

"सुतकात खेकडं, मामा?"

"धर्माजीनंबी हेच इचारलं," भिमाजी कळवळून म्हणाला.

इंद्रायणीला हसू आलं होतं, पण त्याचे डोळे बघून ते जिरलं.

"किल्ली गेली म्हंजी मान गेला, पोरी. माझ्या बापानं, आज्यानं सांभाळली. आन माझ्या हातनं गेली. उद्या माझा सोपान मळ्यातल्यांसारखा पालखीमागनं चालणार. नातवंडं इचारतील, आपुन मागं का? तर म्हणं आज्यानं किल्ली नदीत टाकली." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "तूच कायतरी कर. दुपारचं देवळात चिटपाखरू नसतंय. जा, गुपचूप ते कुलूप उघड, आन तसली किल्ली घडवून आण."

ज्या नादाला हा माणूस चोराचा धंदा म्हणत आला तोच नाद आता त्याला हवा होता. दुसरी एखादी सून असती तर तिनं आधी जुनी उट्टी काढली असती. इंद्रायणीनं नुसती मान हलवली.

"ते मी करायची न्हाई. मालक म्होरं बसल्याबिगर मी कुलपाला हात लावत न्हाई. त्या पेटीला मालक तीन. तिघंबी बसवा, म्हणाल तितकी कुलपं उघडते."

"मंग बुडालोच की मी."

"कशापायी? वरच्या आळीचं कुलूप तुमचं हाय. आपलं कुलूप मालकानं किल्लीनं उघडावं का काडीनं, ही त्याची मर्जी." तिनं कमरेची चंची सोडली आणि काड्या बाजेवर मांडल्या. "तुमी शिका."

भिमाजी त्या काड्यांकडं बघतच राहिला. पण माणूस हुशार होता. बराखीचं दार लोटून घे, एवढंच म्हणाला.

गोठ्यातलं एक कुलूप देवळातल्या कुलपाचंच भावंड होतं, त्याच घडणीचं. त्यावर शिकवणी सुरू झाली. भिमाजीच्या हातात बैल दाबात ठेवायची ताकद, आणि इथं ताकदीचंच वावडं. त्यानं काड्यांवर काड्या वाकवल्या.

"सगळ्या गावाच्या छत्र्या मोडायच्या का आता?" इंद्रायणी म्हणाली. "मामा, गाय आडली तर तुमी वासरू हिसडून काढता व्हय?"

"येडी का खुळी! गाईनं जोर केला की आपुन हळूच वढायचं. ती थांबली की आपुन थांबायचं."

"मंग हितं दुसरं काय हाय? तारंनं जरासा ताण धरा आन सोडू नका. आता काडीनं एकेक पट्टी उचलून बघा. जी आडली आसंल ती हाताला जड लागंल. तिला तेवढी उचला. मंग दुसरी आडंल."

भिमाजीनं डोळे मिटले. गाईच्या पोटाला कान लावावा तशी मान कलती केली. बराच वेळ गेला. मग कट्ट झालं आणि कडी वर उडाली.

त्यानंतर भिमाजी जसा हसला, तसं इंद्रायणीनं त्याला लग्न होऊन आल्यापासून हसताना पाहिलं नव्हतं. त्यानं कुलूप लावलं, पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. जेवायला हाक मारली तर उठेना. यात्रा जवळ येईपर्यंत त्यानं गोठ्यातली दोरी रिकामी केली, मग घरात शिरला आणि कुशाबाईची माहेरची ट्रंक तिच्या डोळ्यांदेखत उघडून दाखवली.

कुशाबाईनं कपाळाला हात लावला. "आदी घरात एक व्हती, आता दोन झाली."

एवढी विद्या हाती आल्यावर रुसून बसायचं कारण उरलं नाही. भिमाजीनं पंचांना निरोप धाडला की राग शांत झालाय. पंचांना इतका आनंद झाला की त्यांनी आपण होऊनच ठरवलं, यंदा पहिलं कुलूप भिमाजी काढणार. पहिला मान आजवर धर्माजीचा होता. खोट्या रुसव्यावर मिळालेला तो मान भिमाजीनं परत करायला हवा होता, हे इंद्रायणीनं त्याला तोंडावर सांगितलं. पण फेटा बांधता बांधता त्याला नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही.

यात्रेची सकाळ उजाडली. देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाहेर बँडवाले, दारात फुलांनी सजवलेली पालखी. तिघं मानकरी पेटीसमोर बसले. धर्माजीचं तोंड सुजल्यासारखं दिसत होतं. इंद्रायणी बायकांच्या गर्दीत पुढं घुसून उभी राहिली. तिला धाकधूक अशी नव्हतीच. गडी तिनं तयार केला होता.

भिमाजीनं नारळ फोडला, पेटीला हात जोडले आणि कुलूप उपरण्याखाली घेतलं. डोळे मिटले. लोकांना वाटलं, नामस्मरण चाललंय. कट्ट. कुलूप निघालं. धर्माजी एरवी किल्लीनंसुद्धा याहून जास्त वेळ घ्यायचा. भिमाजीनं मिशीतल्या मिशीत हसत बायकांच्या घोळक्याकडं बघितलं आणि इंद्रायणीला शिट्टी मारावीशी वाटली.

मग धर्माजी. त्यानं किल्ली कुलपात अशी खुपसली की जणू कुलपानंच त्याचा पहिला मान काढून घेतला होता. कुलूप जुनं, वर्षभर बंद, आत गंज. ते अडलं. एरवी त्यानं हलवून बघितलं असतं, पण आज अंगात राग होता. त्यानं दात-ओठ खाऊन पीळ दिला आणि किल्लीचं मुंडकं त्याच्या हातात आलं. दांडी आतच राहिली.

धर्माजी हातातल्या तुकड्याकडं बघत राहिला. ज्याला देवाची किल्ली सांभाळता येत नाही त्याला मान नाही, हे वाक्य त्यानंच सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. कुणी ते उच्चारलं नाही, पण प्रत्येकाच्या ओठावर तेच होतं. दारापाशी मळ्यातल्यांच्या घोळक्यात भागू उभा होता, तो नुसता बघत होता.

भिमाजीची मूठ मिटलेली होती. त्या मुठीत तार आणि काडी. मूठ मिटलेली ठेवली तर वरच्या आळीचा मान शाबूत, आणि पुढच्या यात्रेपासून पहिला मान कायमचा घरात. फक्त गप्प बसायचं होतं. आणि खरं सांगायचं तर इंद्रायणीलाही तेच हवं होतं. मामा, आता तोंड उघडू नका, असं ती मनात ओरडत होती. सोपान मागं चालताना तिला बघायचा नव्हता.

भिमाजीनं धर्माजीकडं बघितलं. त्याची मान खाली गेली होती. ही किल्ली कुणाच्या खोट्या रुसव्यापायी मोडली, हे गावात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक तो स्वतः होता.

त्यानं मूठ उघडली आणि काडी पेटीवर ठेवली.

"धर्माजी, मान वर कर," तो म्हणाला, आणि त्याचा भरदार आवाज दारापर्यंत गेला. "माझी किल्ली माघातच कुकडीत गेली. दहाव्याला, करगोट्यासंगं. मी खेकडं धरत नव्हतो. आन रुसलोबी नव्हतो. पत्रिका लई झ्याक छापलीया. आत्ता कुलूप काढलं ते ह्या छत्रीच्या काडीनं. सुनंनं शिकवलं."

एकच गलका उठला. कुणी हसलं, कुणी शिवी दिली. भिमाजीनं हात वर केला.

"काय ते नंतर बोला. नाथ आत बसलाय. मोडकी किल्ली काढायला मला येत न्हाई, तेवढं शिकणं झालं न्हाई. इंद्रायणे, ये पुढं."

त्या पेटीला आजवर बाईचा हात लागला नव्हता. मागून कुणीतरी तसं पुटपुटलंही. इंद्रायणीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढं आली. सासऱ्यानं एवढ्या गावासमोर घरचा मान पणाला लावला होता. आता तिच्याकडं मागं राहायला कारणच नव्हतं. ती पेटीसमोर बसली, पण कुलपाला हात लावला नाही. धर्माजीकडं वळली.

"तात्या, कुलूप तुमचं हाय. उघडू का?"

धर्माजी तिच्याकडं बघत राहिला. शेवटी तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "उघड, पोरी."

तिनं समईतलं तेल बोटावर घेऊन कुलपात सोडलं. थोडं थांबली. दोन बारीक काड्या दांडीच्या दोन बाजूंनी आत सरकवल्या आणि काटा काढावा तसा तुकडा हळूहळू बाहेर घेतला. तो धर्माजीच्या तळहातावर ठेवला. मग तार लावली. पट्ट्या जुन्या, हट्टी. एकीनं जरा छळलं. तिनं घाई केली नाही. घाई ती कधीच करत नसे. कट्ट झालं तेव्हा बाहेरच्या बँडवाल्यानं, त्याला काही कळलेलं नसताना, ढोलावर एक थाप मारली.

भिकानं आपली किल्ली दोनदा तपासून कुलपात घातली. ते सरळ उघडलं. मग तो बावळटासारखा म्हणाला, "मंग आता किल्लीवाला मी एकलाच व्हय?"

सगळं देऊळ हसलं. हसू ओसरलं तसा दारातून भागूचा आवाज आला.

"आमच्या आज्याची किल्ली हरवली तवा गावात काडीवाली सून नव्हती. न्हाईतर आमीबी आज पुढं असतो."

यावर कुणीच हसलं नाही. तो रागानं बोलला नव्हता. एवढी वर्षं मनात धरलेलं एकदाचं बोलला होता, आणि त्याचे डोळे भरले होते. इंद्रायणीला वाटलं, एवढ्या कुलपांत हे एक आपल्याला आधी कधी दिसलंच नाही.

धर्माजी उठला. हातातले दोन्ही तुकडे त्यानं कोपरीच्या खिशात टाकले. माणसांतून वाट काढत तो दारापाशी गेला आणि भागूच्या दंडाला धरून त्याला पालखीपाशी घेऊन आला.

"खांदा दे," तो म्हणाला. "पुढचा."

त्या दिवशी पालखी गावभर फिरली तेव्हा पुढच्या दांडीला एका बाजूला सोपान होता आणि दुसऱ्या बाजूला भागू. दोघांची उंची सारखी नव्हती, त्यामुळं देव जरा तिरका चालला होता, पण त्याची तक्रार कुणी केली नाही.

दुपारी मुखवटा पेटीत ठेवायची वेळ झाली. दोन कुलपं नवी लागणार होती आणि चौथ्या कोयंड्याला मळ्यातल्यांचं एक. भागू मोटारसायकलवरून नारायणगावला गेला आणि दुकानातली त्यातल्या त्यात चांगली तीन कुलपं घेऊन आला. मळ्यातल्यांसाठी निवडलेलं कुलूप त्यानं फडक्यात गुंडाळून आणलं होतं, चकचकीत, चांगलं वजनदार. ते त्यानं आधी कोयंड्याला लावलं नाही. दोन्ही हातांनी इंद्रायणीपुढं धरलं.

तिनं ते हातात घेऊन वजन बघितलं, कडी ओढून बघितली, कानाशी नेऊन हलवलं. सगळे मानकरी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"भागूभाऊ, हे परत न्या," ती म्हणाली. "हे तर आमचे मामासुदिक उघडतील."